स्वतंत्र हेवी मेटल मासिकं: पत्ते, कॅसेट, कागद आणि शाई

गिट्टीखदान (धागाकर्ता)

हेवी मेटलबद्दल मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं ते बँड, अल्बम आणि गिटारवादकांपाशी थांबतं. हे संगीत ज्या मासिकांनी गावोगाव पोचवलं त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हा धागा. नागपुरात छापील अनियतकालिक काढायचा विचार अधूनमधून इथे निघतो. तेव्हा इतिहासासोबत ते अंक प्रत्यक्षात कसे तयार होत आणि आज कसे करता येतील, तेही जाणकारांनी लिहावं.

आधी एक गोंधळ दूर करू. 'केरँग!' हे स्वतंत्र मासिक नव्हतं. लंडनच्या 'साउंड्स' साप्ताहिकाने मे १९७९ मध्ये 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल' हे नाव रूढ केलं आणि त्याच साप्ताहिकाची पुरवणी म्हणून ६ जून १९८१ ला 'केरँग!' निघालं. संपादक जेफ बार्टन, मुखपृष्ठावर एसी/डीसीचा अँगस यंग. मागे पगारी संपादक, वितरक, जाहिरात विभाग असं सगळं होतं. १९८७ पासून ते साप्ताहिक झालं.

स्वतंत्र परंपरा याला समांतर चालली. नेदरलँड्समध्ये १९८० साली 'आर्डशोक'. सॅन फ्रान्सिस्कोत १९८१ साली रॉन क्विंटानाचं 'मेटल मेनिया'. त्याने मासिकासाठी काढलेल्या नावांच्या यादीतलंच 'मेटॅलिका' हे नाव ड्रमर लार्स उलरिचने आपल्या बँडसाठी उचललं. लॉस एंजेलिसला ब्रायन स्लेगल 'द न्यू हेवी मेटल रेव्ह्यू' काढत होता. त्याच ओघात त्याने १९८२ मध्ये 'मेटल मॅसॅकर' हे संकलन काढलं आणि 'मेटल ब्लेड' ही रेकॉर्ड कंपनी उभी राहिली. इंग्लंडात १९८३ मध्ये बर्नार्ड डोचं 'मेटल फोर्सेस', जर्मनीत त्याच वर्षी 'रॉक हार्ड'.

माझ्या मते या सगळ्यांत अभ्यासावं असं मासिक नॉर्वेतलं 'स्लेयर मॅग' आहे. सार्प्सबोर्ग या छोट्या गावातून यॉन क्रिस्टियानसेन, म्हणजे 'मेटॅलियन', ते १९८५ ते २०१० काढत होता. २५ वर्षांत २० अंक. राजधानीबाहेर बसून, कोणाचा पगार न घेता, अंक तयार होईल तेव्हाच काढायचा हा त्याचा नेम होता. २०११ मध्ये या सगळ्या अंकांचं सातशेहून जास्त पानांचं पुस्तक निघालं, तेव्हा ब्लॅक मेटल या हेवी मेटलच्या शाखेचा नॉर्वेतला सुरुवातीचा काळ समजून घ्यायला हेच कागद सर्वांत विश्वासाचे ठरले. याचं कारण त्यातली मतं नव्हेत. परीक्षणांसोबत बँडचे पत्ते आणि डेमोचे, म्हणजे कंपनीशी करार होण्याआधी बँडने स्वतः केलेल्या नमुना ध्वनिमुद्रणाचे, तपशील छापलेले असत. स्वतंत्र मेटल मासिकाचा कणा म्हणजे हे पत्ते. मतं जुनी होतात, नोंदी कामाला येतात.

कॅसेटवाली

पत्त्यांचा मुद्दा अगदी बरोबर, पण त्या पत्त्यांवरून काय ये-जा होई ते समजल्याशिवाय या मासिकांचा वेग कळत नाही.

बँड चार-सहा गाण्यांचा डेमो कॅसेटवर काढायचा आणि एक प्रत मासिकाकडे पाठवायचा. परीक्षण छापून आलं की त्या पत्त्यावर अनोळखी लोकांची पाकिटं यायला लागायची: आत एक कोरी कॅसेट आणि परतीच्या टपालाची सोय. परदेशी पत्रासाठी 'इंटरनॅशनल रिप्लाय कूपन' घालत. ज्याला ते मिळालं त्याने आपल्या देशातल्या पोस्टात द्यायचं आणि एका साध्या हवाई पत्राची तिकिटं घ्यायची. ही व्यवस्था जागतिक टपाल संघाने १९०६ मध्ये ठरवली आणि १९०७ पासून ती चालू झाली. तिकिटांवर साबणाचा किंवा गोंदाचा पातळ थर देऊन शिक्का धुऊन काढायची चोरवाटही तेव्हा सर्रास होती. तो कायद्याने गुन्हा होता आणि आजही आहे.

आता आवाजाचं. कॅसेटवरून कॅसेट उतरवली की दर पिढीला टेपची खरखर वाढते. मूळ टेपची खरखर आणि नव्या टेपची खरखर सारखी धरली, तर दोन्ही मिळून सुमारे ३ डेसिबलची भर पडते. चौथ्या-पाचव्या हातची प्रत ऐकताना झांजा वाळूसारख्या ऐकू येतात त्या यामुळे. त्यात दोन डेकच्या हेडचा कोन जुळत नसेल, तर वरच्या पट्टीतलं सगळंच पुसट होतं. डॉल्बी बी (डेकवरची खरखर कमी करायची सोय) लावून भरलेली टेप डॉल्बीशिवाय वाजवली की चिरचिरते आणि उलट केलं की दबते. त्यामुळे चांगले देवाणघेवाण करणारे पाकिटावर 'मास्टरवरून (मूळ टेपवरून) पहिली' किंवा 'दुसरी' असं लिहीत.

सी-९० वर, म्हणजे ९० मिनिटांच्या कॅसेटवर, दोन डेमो मावत म्हणून ती लोकप्रिय होती, पण तिची टेप सुमारे १२ मायक्रॉन जाडीची, तर सी-६० ची १८. पातळ टेप ताणते, गुंडाळीतल्या शेजारच्या थरावर तिचा आवाज हलकासा उमटतो आणि गाणं सुरू होण्याआधी त्याची सावली ऐकू येते. जपून ठेवायचा डेमो सी-६० वरच भरावा. सी-१२० च्या वाटेला जाऊच नये.

'मेटल फोर्सेस'चं 'डेमोलिशन' सदर या पद्धतीचा उत्तम नमुना आहे: रेकॉर्ड कंपनीशी करार नसलेल्या बँडांनाच जागा. १९८८ मध्ये त्याच नावाने त्यांनी निवडक बँडांची संकलन तबकडीही काढली. मासिक, टेपची देवाणघेवाण आणि रेकॉर्ड कंपनी हा एकच रस्ता होता. मेटॅलियननेही पुढे 'हेड नॉट फाउंड' नावाची कंपनी काढलीच.

वऱ्हाडी_रिफ

भाऊ, भारतातलं काय? 'रॉक स्ट्रीट जर्नल' यात धरायचं की नाही?

गिट्टीखदान

स्वतंत्र म्हणून नक्की, मेटलचं मासिक म्हणून नाही. अमित सैगल आणि शेना गमात यांनी १९९३ मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' सुरू केलं. मुंबई नाही, बंगळूर नाही, अलाहाबाद. पुढे ते दिल्लीला गेलं. त्यात रॉकच्या सगळ्या शाखा असत, पण १९९० च्या दशकात भारतीय मेटल बँडची छापील दखल नियमितपणे घेणारी जागा तीच होती. 'ग्रेट इंडियन रॉक' हा महोत्सवही त्यांचाच. सैगल जानेवारी २०१२ मध्ये गेले.

कॅसेटवाली

मला हे पुरेसं वाटत नाही. मासिक मेटलचं आहे की नाही हे मुखपृष्ठावरून ठरवू नये, ते कोणाला जोडतं यावरून ठरवावं. १९९८ मध्ये बंगळूरला क्रिप्टॉस, २००० मध्ये मुंबईत डेमॉनिक रिझरेक्शन, २००३ मध्ये भयानक मौत: या पिढीला एकमेकांचा पत्ता लागायला इंटरनेट नुकतंच पसरू लागलं होतं. तोवर वाचकांची पत्रं, कार्यक्रमांच्या बातम्या आणि कॉलेज महोत्सवांचे निकाल छापणारा कागद हाच दुवा. परदेशात जे काम 'मेटल फोर्सेस'ने केलं ते इथे 'रॉक स्ट्रीट जर्नल'ने केलं.

गिट्टीखदान

कामाच्या बाबतीत मान्य. फरक एकच ठेवतो: 'स्लेयर मॅग'मध्ये डेमोच्या नोंदींची जी शिस्त आहे ती सर्वसाधारण रॉक मासिकात येऊ शकत नाही, जागाच नसते. भारतातले १९९० च्या दशकातले कित्येक डेमो आज नावापुरतेही कुठे नोंदलेले सापडत नाहीत. हे नुकसान मोठं आहे.

महालकर

मराठी वाचकाला ही रीत परकी नाही, हे इथे सांगायला हवं. आपल्याकडे १९५० च्या दशकात 'शब्द' हे अनियतकालिक मुंबईत सायक्लोस्टाईल करून काढलं जात होतं. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे त्यात होते. १९६३ मध्ये अशोक शहाण्यांचं 'असो' आलं. आकार हवा तो, अंक निघेल तेव्हा, प्रती मोजक्या आणि वाटप ओळखीने. युरोप-अमेरिकेतल्या मेटलवाल्यांनी पुढे झेरॉक्सवर जे केलं, त्याची मराठी वाट कवींनी आधीच मळून ठेवली होती.

सायक्लोस्टाईलबद्दल थोडं. मेणाच्या स्टेन्सिलवर रिबन काढून टाईप करायचं, म्हणजे अक्षराच्या जागी मेण कापलं जातं आणि त्या फटीतून शाई कागदावर उतरते. एका स्टेन्सिलवर काही शे प्रती निघतात, मग अक्षरांच्या कडा फाटायला लागतात. देवनागरीतल्या 'भ', 'क्ष' अशा अक्षरांच्या बंद पोटातलं मेण आधी निखळून पडतं आणि तिथे काळा ठिपका येतो. फोटो छापणं जवळपास अशक्य. म्हणूनच हेवी मेटल मासिकं झेरॉक्स आणि ऑफसेटच्या काळात फोफावली. लांब केस, चामडी जाकीट, पट्ट्यावरच्या गोळ्या हे सगळं दिसायला हवं ना!

फर्मा_सोळा

छपाईचं मी घेतो.

जुनी पद्धत अशी. टाईप केलेले रकाने कात्रीने कापून मोठ्या कागदावर रबर सिमेंटने चिकटवायचे, कारण ते सुकल्यावरही उचलून सरकवता येतं. मथळे लेट्रासेटने, म्हणजे तयार अक्षरांच्या पारदर्शक तावावरून, घासून उतरवायचे. पान ए३ वर जुळवायचं आणि ७१ टक्क्यांवर लहान करून ए४ वर घ्यायचं. यात कापलेल्या कडा, टाईपरायटरची फुटकी अक्षरं हे सगळं आकसतं आणि पान घट्ट दिसतं. चिकटवलेल्या कागदांच्या कडांची सावली येते, ती सफेदा लावून मारायची.

जुन्या झेरॉक्स यंत्रांची एक खोड होती: मोठा काळा भाग सलग काळा येत नसे. कडेला गडद आणि मध्ये राखाडी. म्हणून त्या काळच्या अंकांत काळी पार्श्वभूमी कमी आणि रेघांनी भरलेली चित्रं जास्त दिसतात. फोटो तसाच ठेवला तर अर्धा काळा, अर्धा पांढरा होऊन चेहरे जात. त्यावर उपाय एकच: फोटो आधी ठिपक्यांच्या जाळीतून घ्यायचा. आजही झेरॉक्सवर अंक काढणार असाल तर फोटो ग्रेस्केल करा, सर्वांत गडद भाग ९० टक्क्यांवर आणि सर्वांत उजळ ५ टक्क्यांवर आणा, मग ६५ ते ८५ रेघा प्रति इंच अशी जाळी लावून ६०० डीपीआयचा बिटमॅप (फक्त काळं-पांढरं चित्र) करा. ऑफसेटवर मॅपलिथोला, म्हणजे चकाकी नसलेल्या साध्या छपाईच्या कागदाला, १३३ रेघा पुरतात, त्याहून बारीक जाळी त्या कागदावर भरून जाते.

आता नागपूरचा हिशोब. ३०० प्रती, ए४, आतली ३२ पानं एकरंगी, वर चौरंगी कव्हर असं धरू.

शहरातल्या बहुतेक छोट्या प्रेसमध्ये १९ × २६ इंची यंत्र असतं. २५ × ३६ चा कागद अर्धा कापला की १८ × २५ होतो आणि तो या यंत्रावर बसतो. त्याच्या एका बाजूला ए४ ची चार पानं, दोन्ही बाजू मिळून आठ. एका कागदावर छापून दुमडलेल्या पानांचा तो एक फर्मा. म्हणजे ३२ पानांना आठ पानांचे चार फर्मे, आठ प्लेटा. पानांची वाटणी: पहिल्या फर्म्यात १ ते ४ आणि २९ ते ३२, दुसऱ्यात ५ ते ८ आणि २५ ते २८, तिसऱ्यात ९ ते १२ आणि २१ ते २४, चौथ्यात १३ ते २०. पीडीएफ मात्र सुटी पानं क्रमाने द्या, मांडणी प्रेसवाला करील. तुम्ही जोडपानं करून दिलीत तर त्याला ती तोडत बसावी लागतात आणि चूक तिथेच होते.

कागद ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) मॅपलिथो. ७० घेऊ नका, काळा भाग मागच्या पानावर दिसतो. चार फर्मे गुणिले ३०० म्हणजे १,२०० अर्धे कागद. दर फर्म्याला ७५ नासाडी धरली की १,५००, म्हणजे २५ × ३६ चे ७५० पूर्ण कागद, ५०० च्या हिशोबाने दीड रीम. या मापाच्या ८० जीएसएम रीमचं वजन सुमारे २३.२ किलो भरतं, तेव्हा ३५ किलो कागद लागेल. इतवारी-गांधीबागेत कागदाचा भाव किलोवर विचारा आणि प्रेसच्या अंदाजपत्रकातल्या कागदाच्या आकड्याशी ताडून पाहा.

वेळ महत्त्वाची. दसऱ्याच्या आधीचे दोन महिने छोट्या प्रेसवर दिवाळी अंक, कॅलेंडरं आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लागणाऱ्या पुस्तकांच्या स्टॉलची कामं असतात. जूनमध्ये शाळांची. निवडणूक लागली तर विचारूच नका. तीनशे प्रतींचं काम तेव्हा मागे पडणारच. फेब्रुवारी-मार्च किंवा ऑगस्टची सुरुवात बरी.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते. मे महिन्यात नागपूरची हवा इतकी कोरडी असते की कागद कुरकुरीत होऊन राहतो, स्थिर विजेने दोन-दोन कागद चिकटून यंत्रात जातात आणि घडीवर तडा पडतो. कागद एक दिवस आधी प्रेसच्या खोलीत, रीम न फोडता ठेवायला सांगा. पावसाळ्यात उलट: कडा ओल शोषून लाटा येतात आणि चौरंगी कव्हरचे रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत.

संत्रा_डिस्टॉर्शन

दादा, मेटलच्या अंकाला काळं पान आणि पांढरी अक्षरं हवीतच. मराठी मजकूर असा छापला की मात्रा, अनुस्वार बुजतात. काय करावं?

फर्मा_सोळा

बुजणारच. शाई कागदात पसरते आणि पांढरी रेघ चारही बाजूंनी आत खाल्ली जाते. रोमन लिपीत अक्षराचं पोट मोठं असतं म्हणून ते तगतं. देवनागरीत रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या यांच्या रेघा बारीक.

काळ्यावर पांढरं करायचं तर एकसारख्या जाडीचा टाईप घ्या. मुक्ता मीडियम ११ पॉइंटच्या खाली जाऊ नका, दोन ओळींत १६ पॉइंट ठेवा आणि अक्षरांतलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. बारीक-जाड वळणांचा पारंपरिक टाईप इथे चालत नाही. अख्खी मुलाखत कधीही काळ्यावर घेऊ नका. मथळा, चौकट, एखादी ओळ पुरे.

कव्हरवरचा काळा वेगळा. नुसता १०० टक्के काळा आर्ट कार्डवर राखाडीसर दिसतो, म्हणून खाली निळा ६०, किरमिजी ४०, पिवळा ४० टक्के देतात. पण त्या काळ्यातून बारीक पांढरी अक्षरं काढायची असतील तर चार प्लेटा केसभर सरकल्या तरी अक्षरांना रंगीत कडा येतात. तिथे नुसता काळाच ठेवा. आणि इतकी शाई सुकायला किमान २४ तास द्या. घाईत रचलं की वरच्या कार्डाच्या पाठीवर काळे डाग उमटतात. २५० जीएसएम कार्डाला घडीपूर्वी क्रीज (घडीची दाबरेघ) मारून घ्या, नाहीतर काळा थर फुटून कण्यावर पांढरी रेघ दिसते.

पानं मांडायच्या इनडिझाइन प्रोग्रॅममध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' लावायला विसरू नका, नाहीतर 'र्‍या' आणि जोडाक्षरं सुटी होतात. स्क्रायबस हा फुकटातला प्रोग्रॅम वापरणार असाल तर १.५ मालिकेपासून पुढचा घ्या. प्रेसकडे फाईल फक्त पीडीएफ, फाँट आत बसवून. मूळ फाईल दिलीत आणि त्यांच्याकडे जुन्या की-बोर्डाचे फाँट असले तर मजकुराचा चिखल होतो.

वऱ्हाडी_रिफ

शाळांत प्रश्नपत्रिका काढतात त्या डुप्लिकेटर यंत्रावर स्वस्तात होईल का?

फर्मा_सोळा

होईल, १००-२०० प्रतींना ते चांगलं. पण त्याची शाई कागदात मुरून सुकते, म्हणून फक्त मॅपलिथो. आर्ट पेपरवर ती कधीच सुकत नाही, बोटाला लागते. मोठा काळा भागही टाळा: कागद ड्रमला चिकटतो आणि पुढच्या रोलरचे पट्टे उमटतात. रेघांची चित्रं असलेला जुन्या वळणाचा अंक त्यावर फार सुंदर निघतो.

सिव्हिल_लाइन्स

कायदा आणि टपाल.

१८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पिरिऑडिकल्स कायदा, २०२३ लागू आहे. नोंदणी आता 'प्रेस सेवा' पोर्टलवर होते आणि शीर्षकाचा अर्जही त्याच वेळी करता येतो. 'नियतकालिक' म्हणजे ठरावीक अंतराने निघणारं आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य असलेलं प्रकाशन. त्यामुळे मुखपृष्ठावर 'मासिक', 'त्रैमासिक' असं छापायचं असेल तर आधी नोंदणी करा. एकेक सुटा संग्रह पुस्तक म्हणून काढायचा असेल तर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) घ्या, भारतात त्याला शुल्क नाही. कोणत्याही रूपात काढा, मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव व ठिकाण छापा.

परीक्षणात गाण्याच्या दोन ओळी किंवा अल्बमचं कव्हर वापरणं कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मधल्या समीक्षेच्या सवलतीत बसतं. अख्खं गीत छापणं बसत नाही. इंटरनेटवरून उचललेला मैफिलीचा फोटोही बसत नाही. फोटोचा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. फोटोग्राफरची लेखी परवानगी घ्या आणि फोटोशेजारी त्याचं नाव छापा.

आता टपाल. फर्माभाऊंच्या हिशोबाने आतले १६ कागद सुमारे ८० ग्रॅम, कव्हर ३१ ग्रॅम, जाड पाकीट धरून एक प्रत १२५ ग्रॅमच्या आसपास. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, त्यामुळे जुन्या लेखांतले रजिस्टरचे हिशोब सोडून द्या. मे २०२५ मध्ये सुरू झालेलं 'ज्ञान पोस्ट' स्वस्त आहे, पण ते शैक्षणिक, सांस्कृतिक, धार्मिक अशा पुस्तकांसाठी. नियतकालिकं आणि जाहिराती असलेली प्रकाशनं त्यात बसत नाहीत. वर्गणीचा भाव ठरवताना टपालखर्च वेगळा दाखवा. तो अंकाच्या किमतीत मिसळला की दर वाढल्यावर तुम्हीच भरता, आणि बरीचशी छोटी मासिकं तिथेच बसतात.

कॅसेटवाली

अंकासोबत संगीत द्यायचं असेल तर नागपूरचं ऊन लक्षात घ्या. अमेरिकेतलं 'डेसिबल' (फिलाडेल्फिया, २००४ पासून) अंकासोबत फ्लेक्सी तबकडी देतं. फ्लेक्सी म्हणजे पातळ पीव्हीसी, साधारण ६० अंशांच्या पुढे ते मऊ पडायला लागतं. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं. कॅसेटचं कवचही वाकतं आणि रीळ आत घासायला लागतं. एप्रिल ते जून पाठवणी करू नका. सीडी द्यायचीच तर पुठ्ठ्याच्या पाकिटात, प्लॅस्टिकच्या डबीचे दात टपालात तुटतात.

डाउनलोडचा क्यूआर छापणार असाल तर किमान २ सेंटिमीटर, पांढऱ्यावर काळा आणि चारही बाजूंना कोडातल्या चार चौकटींएवढी मोकळी जागा. काळ्यावर पांढरा क्यूआर काही फोनना वाचता येत नाही. खाली पत्ता अक्षरांतही छापा, दुवे मरतात.

गिट्टीखदान

परीक्षणाच्या नोंदीचा नमुना देतो, कारण मूळ मुद्दा तोच. बँडचं नाव बँड लिहितो तसंच, गाव, कलाकृतीचं नाव, स्वरूप (कॅसेट, सीडी, डिजिटल), महिना आणि साल, गाण्यांची संख्या, एकूण मिनिटं, कुठे ध्वनिमुद्रित केलं, कोणी केलं, सदस्य आणि त्यांची वाद्यं, किती प्रती, किंमत, संपर्क. यानंतर मत, दीडशे शब्दांत. संपर्क म्हणून घरचा पत्ता मात्र आता छापू नये, ईमेल आणि बँडकॅम्प (बँड आपली गाणी विकतात ते संकेतस्थळ) पुरे.

ही चौकट बँडकडून भरून घ्या आणि छापण्याआधी त्यांनाच परत दाखवा. 'मेटल मॅसॅकर'च्या पहिल्या आवृत्तीत मेटॅलिकाच्या नावात एक 'टी' जास्त छापला गेला होता. ज्या तबकडीमुळे बँडचं नाव पहिल्यांदा लोकांसमोर आलं तिच्यावरच नाव चुकलं. मुद्रितशोधन करणाऱ्याने फक्त विशेषनामांसाठी एक वेगळं वाचन करावं, शेवटून सुरुवातीकडे, म्हणजे वाक्याच्या ओघात डोळा घसरत नाही.

महालकर

ज्यांच्याकडे जुने अंक आहेत त्यांच्यासाठी. गंजलेल्या पिना आधी काढा. पिनेखाली पातळ कागदाची पट्टी सरकवा, पाय सरळ करा, मग ओढा. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक पिवळा पडून अक्षरांत उतरतो. अंक आडवे ठेवा, पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात, पीव्हीसीच्या नाही: त्यातून निघणारं तेल झेरॉक्सचा टोनर उचलतं आणि पान पाकिटाला चिकटतं. गच्चीखालच्या भिंतीला टेकून कपाट नको. पावसाळ्यात कसर लागते, म्हणून दर महिन्याला एकदा उघडून हवा द्या. स्कॅन ६०० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये करा. ठिपक्यांच्या फोटोंवर लहरी दिसल्या तर हलकं ब्लर देऊन मगच ३०० ला उतरवा. मूळ ६०० ची फाईल मात्र ठेवा.

संत्रा_डिस्टॉर्शन

शेवटची शंका. मजकूर ३६ पानांचा भरून राहिला. चार पानं वाढवली तर?

फर्मा_सोळा

चालेल, ४० पर्यंत ओढायची गरज नाही. त्या चार पानांची एकच प्लेट होते. चारही पानं एका बाजूला मांडायची, कागद छापून झाला की बाजूने उलटून त्याच प्लेटवर मागची बाजू छापायची आणि मधोमध कापायचं. एका कागदात दोन प्रतींचा जोड निघतो, म्हणजे ३०० प्रतींना १५० कागद आणि ७५ नासाडी. हा जोड कव्हरच्या लगेच आत ठेवा, म्हणजे पानं १, २, ३५ आणि ३६. मध्यावर ठेवला तर पिनेचा सगळा ताण त्या एका कागदावर येतो आणि तो आधी सुटतो. कव्हर धरून दहा दुमडलेल्या कागदांची जाडी होते, त्यामुळे मधली पानं साधारण एक मिलिमीटर बाहेर सरकतात आणि कापताना तेवढी कमी होतात. बाहेरच्या कडेपासून ८ मिलिमीटरच्या पट्टीत काहीही महत्त्वाचं ठेवू नका, पानांचे आकडेसुद्धा.